दिवाळीचे खोके आणि ट्रेडमार्कचा कायदा

श्रावणात राख्या बाजारात येतात तेव्हापासून नाताळच्या केकपर्यंत महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या बाजारपेठेत मालापेक्षा वेष्टनच जास्त बदलते. वर्षभर साध्या पिशवीत विकली जाणारी चकली दिवाळीत पणतीचे चित्र असलेल्या खोक्यात जाते, अगरबत्तीच्या पुड्यावर गणपती येतो, साबणाच्या तीन वड्या एकत्र बांधून त्यावर ‘अभ्यंगस्नान’ असे छापले जाते. माल तोच असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र नवे वेष्टन म्हणजे नवे नाव, नवे चित्र आणि नवी रंगसंगती, आणि यातली प्रत्येक गोष्ट आधीपासून दुसऱ्या कुणाच्या हक्काची असू शकते. हंगामाच्या तोंडावर घाईने डिझाइन करून प्रेसमध्ये टाकलेल्या खोक्यांच्या बाबतीत ही शक्यता तपासायला कुणाला सवड नसते.

भारतात या विषयावर ट्रेडमार्क कायदा, 1999 लागू होतो. एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू यावा यासाठी वापरलेले नाव, अक्षरे, चित्र, मालाचा आकार, पॅकिंग किंवा रंगांची जुळणी, या सगळ्यांना तो ट्रेडमार्क मानतो. नोंदणी ट्रेडमार्क रजिस्ट्रीत होते. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि दर वेळी पुढच्या 10 वर्षांसाठी वाढवता येते. नोंदणी नसलेल्या चिन्हालाही संरक्षण असते. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याला कायद्याच्या भाषेत ‘पासिंग ऑफ’ म्हणतात आणि त्याविरुद्ध दावा लावता येतो. त्यामुळे एखादे नाव रजिस्टरमध्ये सापडले नाही, एवढ्यावरून ते मोकळे ठरत नाही.

सणाचे नाव मात्र मोकळे असते. ‘दिवाळी फराळ’, ‘होळीचे रंग’, ‘नाताळचा केक’ हे शब्द माल कशासाठी आहे एवढेच सांगतात. कायद्याचे कलम 9 अशा वर्णनात्मक आणि रोजच्या वापरातल्या शब्दांची नोंदणी नाकारते. कलम 30 आणि 35 तर नोंदणी झालेल्या चिन्हाच्या मालकालाही अशा प्रामाणिक वर्णनाविरुद्ध तक्रार करू देत नाहीत. म्हणून खोक्यावर ‘शुभ दीपावली’ छापायला कुणाची परवानगी लागत नाही. पण याला दुसरी बाजू आहे आणि छोट्या उत्पादकांच्या ध्यानात ती सहसा येत नाही. जे नाव सगळ्यांना वापरता येते, ते कुणा एकाला राखता येत नाही. ‘दिवाळी धमाका’ या नावावर चार वर्षे जाहिरातीचा खर्च केला आणि पाचव्या वर्षी शेजारच्या दुकानदाराने तेच नाव घेतले, तर त्याला अडवण्याचे साधन जवळजवळ उरत नाही.

सणाचे नाव आपल्याकडे राखून ठेवण्याचा प्रयत्न मोठ्या कंपन्यांनाही महाग पडला आहे. मे 2013 मध्ये डिस्ने कंपनीने अमेरिकेत ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या नावासाठी ट्रेडमार्कचे अर्ज केले. मेक्सिकोतला हा पितरांच्या स्मरणाचा सण आहे. त्यावर आधारलेला चित्रपट तयार होत होता आणि त्या नावाचा माल बाजारात आणण्याचा कंपनीचा विचार होता. मेक्सिकन वंशाच्या लोकांनी इतका संताप व्यक्त केला की काही दिवसांतच कंपनीने अर्ज मागे घेतले. पुढे 2017 मध्ये तो चित्रपट ‘कोको’ या नावाने आला. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या सणावर एका कंपनीने हक्क सांगावा, हे लोकांनाच मान्य होत नाही. लोकांची ही भावना रास्त आहे.

देवदेवतांच्या आणि धर्मग्रंथांच्या नावांबाबत भारतीय न्यायालयांनी असाच कल दाखवला आहे. पाटण्यातल्या अगरबत्तीच्या व्यापारात ‘रामायण’ या नावावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब, रामायण यांसारख्या पवित्र ग्रंथाचे नाव कुणालाही आपल्या मालाचा ट्रेडमार्क म्हणून मागता येणार नाही, असे न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले. दुसरा शब्द जोडल्यामुळे त्या नावाचे ग्रंथ म्हणून असलेले महत्त्व उरत नसेल, तरच नोंदणीचा विचार होऊ शकतो, असेही त्याने म्हटले. तुपासाठी ‘कृष्ण’ हे नाव वापरणाऱ्या दोन कंपन्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा देवाच्या नावावर मक्तेदारी सांगणाऱ्या कंपनीची बाजू टिकली नाही. दुसऱ्या कंपनीने आपले स्वतःचे नाव ‘लॉर्ड कृष्ण’च्या आधी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे, अशी अट घालून तिला ते वापरू देण्यात आले. लक्ष्मी, गणेश, अंबा, बालाजी ही नावे घेऊन बाजारात उतरणाऱ्यांसाठी हा निकाल उपयोगाचा आहे. देवाचे नाव घेता येते, पण ओळख पटते ती त्याच्या शेजारी छापलेल्या नावामुळे.

याला अपवाद आहे तो दीर्घ वापराचा. सर्वसाधारण शब्द वर्षानुवर्षे एकाच मालासाठी वापरला गेला आणि ग्राहक तो शब्द ऐकताच त्याच उत्पादकाकडे बोट दाखवू लागले, तर कायदा त्याला वेगळेपण मिळाल्याचे मानतो. चित्रकार दीनानाथ दलाल यांनी सुरू केलेला ‘दीपावली’ हा दिवाळी अंक मराठी वाचकांना इतका परिचित आहे की अंकांच्या बाबतीत त्या शब्दाने एकच अंक डोळ्यांसमोर येतो. ‘मोती’ हाही रोजचाच शब्द आहे, पण दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या साबणाशी तो असा जोडला गेला आहे की दुसऱ्या कुणी आपल्या दिवाळी साबणाला तेच नाव द्यायचे ठरवले तर वकिलाची नोटीस ठरलेलीच. असे वेगळेपण एका हंगामात मिळत नाही, त्याला दशके लागतात.

काही गोष्टी मात्र कितीही वापरल्या तरी ट्रेडमार्क होऊ शकत नाहीत. नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावतील असे चिन्ह कलम 9 नुसार नोंदवता येत नाही. देवाचे चित्र उदबत्तीवर चालते, पण चपलेवर, मद्यावर किंवा मांसाच्या पॅकिंगवर चालत नाही. लक्ष्मीचे चित्र असलेला फटाका फुटला की त्या चित्राच्या चिंध्या रस्त्यावर पडतात आणि लोकांच्या पायाखाली येतात. म्हणून अशा फटाक्यांविरुद्ध महाराष्ट्रात मोहिमा होत आल्या आहेत. कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी शहाण्या उत्पादकाने हे टाळायला हवे.

बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला आळा घालणारा 1950 चा कायदा तर अनेक व्यापाऱ्यांनी ऐकलेलाही नसतो. या कायद्याच्या परिशिष्टात राष्ट्रध्वज, सरकारी बोधचिन्हे, महात्मा गांधी, छत्रपती शिवाजी महाराज, पंतप्रधान अशी नावे आणि चित्रे आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. शिवजयंतीच्या ‘खास ऑफर’च्या पोस्टरवर महाराजांचे चित्र टाकणे किंवा पंधरा ऑगस्टच्या मिठाईच्या खोक्यावर तिरंगा छापणे सर्रास घडते. कारवाई क्वचित होते, म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. तिन्ही रंगांची मिठाई करणे वेगळे आणि तिच्या वेष्टनावर ध्वज छापून ती विकणे वेगळे.

सणाच्या मोसमात सगळ्यांत जास्त भांडणे होतात ती रूपावरून, म्हणजे खोक्याच्या एकूण दिसण्यावरून. युरोपातले एक प्रकरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. स्वित्झर्लंडची लिंट कंपनी 1952 पासून ईस्टरसाठी चॉकलेटचा ससा बनवते. तो बसलेला असतो, अंगावर सोनेरी वर्ख, गळ्यात लाल फीत आणि तिला लटकणारी छोटीशी घंटा. संपूर्ण युरोपीय संघासाठी या आकाराची नोंदणी मागितली, तेव्हा 2012 मध्ये संघाच्या न्यायालयाने ती नाकारली. ईस्टरला ससे सगळेच विकतात, सोनेरी कागदही सगळेच वापरतात, मग यात वेगळे काय, असा त्यामागचा विचार होता. पण 2021 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्या सोनेरी छटेलाच संरक्षण दिले, कारण ती छटा पाहताच जर्मन ग्राहकांना लिंटचा ससा आठवतो हे सिद्ध झाले होते. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने लिडल या दुकान-साखळीला तशाच वर्खातला ससा विकण्यास मनाई केली आणि शिल्लक ससे नष्ट करण्याचा आदेश दिला. चॉकलेट वाया घालवण्याची मात्र गरज नाही, ते दुसऱ्या रूपात वापरता येईल, असेही न्यायालयाने सुचवले. एकाच सशाला एका न्यायालयात नकार आणि दोन न्यायालयांत संरक्षण मिळाले. सणाचे प्रतीक सगळ्यांचे, पण एका कंपनीने ते ज्या विशिष्ट रूपात लोकांच्या मनावर ठसवले ते रूप तिचे, हा फरक या निकालांतून दिसतो.

भारतात दिवाळीच्या भेटवस्तूंमध्ये सोनेरी कागदातल्या गोल चॉकलेटांचे स्थान तसेच आहे. फेरेरो रोशेसारख्या दिसणाऱ्या, चीनमध्ये बनलेल्या ‘गोल्डन पॅशन’ नावाच्या चॉकलेटांविरुद्ध फेरेरो कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि 2018 मध्ये न्यायालयाने मनाईसह 10 लाख रुपयांची नुकसानभरपाई दिली. नाव वेगळे होते, तरी दिसणे सारखे होते आणि तेवढे पुरले. दुसऱ्याच्या खोक्यासारखा खोका करून वर आपले नाव ठळक छापले की झाले, अशी समजूत छपाईच्या व्यवसायात पक्की आहे. ती चुकीची आहे.

नावे ताडून पाहताना न्यायालये दोन लेबले शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाहीत. साधारण बुद्धीच्या आणि अंधुक आठवण असलेल्या ग्राहकाचा गोंधळ होईल का, असे ती विचारतात. ‘अमृतधारा’ या औषधाच्या नावाशी ‘लक्ष्मणधारा’ हे नाव गोंधळ होण्याइतके सारखे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये याच कसोटीवर ठरवले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी रविवार पेठेत किंवा दादरला गर्दीत उभा असलेला ग्राहक नेहमीपेक्षाही कमी बारकाईने पाहतो. त्यामुळे नावाचे स्पेलिंग बदलणे, एखादे अक्षर वाढवणे, आधी ‘न्यू’ किंवा ‘श्री’ लावणे यांचा बचावासाठी उपयोग होत नाही. जी चिन्हे सुप्रसिद्ध म्हणून जाहीर झाली आहेत, त्यांचे संरक्षण तर याहून व्यापक आहे. नागपूरकरांच्या घरोघरी पोचलेले ‘हल्दीराम’ हे नाव दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये खाद्यपदार्थांसाठी तसे जाहीर केले.

राख्या, पिचकाऱ्या, पतंग आणि मुलांच्या आकाशकंदिलांवर दिसणारी कार्टून पात्रे हा यातला सर्वांत उघड भंग आहे. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा आहे, स्पायडरमॅन आणि डोरेमॉन परदेशी कंपन्यांचे. या पात्रांच्या नावांवर ट्रेडमार्क असतो आणि चित्रांवर कॉपीराइट. परवाना घेतल्याशिवाय राखीवर त्यांचे चित्र लावले तर बनवणारा, ठोक विकणारा आणि टपरीवर मांडणारा, तिघेही अडकतात. खोट्या ट्रेडमार्कसाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे, आणि ती विक्रेत्यालाही लागू होते. आयात मालाच्या बाबतीत 2007 चे सीमाशुल्क नियम आहेत. हक्कदार कंपनीने आपला ट्रेडमार्क सीमाशुल्क खात्याकडे नोंदवला असेल तर न्हावा शेवा बंदरावरच कंटेनर थांबवता येतो. होळीच्या आठ दिवस आधी अडकलेल्या पिचकाऱ्या सुटून येईपर्यंत रंगपंचमी होऊन गेलेली असते.

इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांची गत यापेक्षा वेगळी नाही. गणपती कुणाचाच नाही, पण एखाद्या चित्रकाराने काढलेल्या विशिष्ट गणपतीवर कॉपीराइट त्या चित्रकाराचा असतो. चित्र ‘गुगलवर मिळाले’ हे कारण न्यायालयात चालत नाही. आकाशकंदिलाचा नवा घाट स्वतः घडवला असेल तर तो डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदवता येतो. अट एवढीच की नोंदणीआधी तो कुठे प्रसिद्ध झालेला नसावा. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना फोटो पाठवून मग अर्ज करायला जाणाऱ्या कारागिराचा हक्क त्या फोटोबरोबरच धोक्यात येतो.

भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालासाठीच राखलेल्या नावाच्या नोंदणीचाही इथे संबंध येतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आंब्याच्या पेट्यांवर ‘हापूस’ लिहिले जाते. 2018 मध्ये हापूसला मिळालेली नोंदणी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरती आहे, त्यामुळे बाहेरून आलेल्या आंब्याच्या पेटीवर ते नाव घालणे या नोंदणीच्या विरुद्ध जाते. गोव्यात नाताळला घरोघरी होणाऱ्या बेबिंकाला 2023 मध्ये अशीच नोंदणी मिळाली.

परदेशात माल पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. भारतात ‘सेलिब्रेशन्स’ म्हटले की राखी-दिवाळीचा कॅडबरीचा खोका आठवतो. ब्रिटनमध्ये त्याच नावाची चॉकलेटे मार्स या प्रतिस्पर्धी कंपनीची आहेत. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून लंडनच्या आणि न्यू जर्सीच्या मराठी घरांना फराळ पाठवणाऱ्या उद्योजिकेला इथे मोकळे असलेले नाव तिथे बांधलेले असू शकते.

मग छोट्या उत्पादकाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे गैरसमज सोडावेत. गुमास्ता परवाना, जीएसटी क्रमांक, एफएसएसएआयचा परवाना, कंपनीची नोंदणी किंवा वेबसाइटचे नाव, यांतल्या कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. तो देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, उच्चारसाम्य धरून, आणि योग्य त्या वर्गात घ्यावा. माल आणि सेवा मिळून एकूण 45 वर्ग आहेत. मिठाई 30 व्या वर्गात, अगरबत्ती आणि उटणे 3 ऱ्या, मेणबत्त्या 4 थ्या, दिव्यांची उपकरणे 11 व्या, तर फटाके 13 व्या वर्गात येतात. एकाच भेटखोक्यात फराळ, पणत्या आणि उटणे असेल तर शोधही तितक्या वर्गांत घ्यावा लागतो. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना दर वर्गामागे 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. खोक्यांच्या छपाईच्या खर्चापुढे ही रक्कम मोठी नाही.

घटस्थापनेला अर्ज करून दिवाळीला नोंदणी हातात पडत नाही. अर्ज तपासला जातो, जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर विरोधासाठी चार महिने दिले जातात. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधीच लावणे बेकायदेशीर आहे आणि त्याबद्दल आर्थिक दंड होऊ शकतो.

नोंदणीइतकेच महत्त्व वापराच्या पुराव्याला आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या प्रसिद्ध दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये पुन्हा ठासून सांगितले की आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ असतो. पण ‘आधीपासून’ हे कागदावर दाखवावे लागते. बचतगटाच्या महिला दहा वर्षे एकाच नावाने फराळ विकत असतील आणि त्यांच्याजवळ एकही तारखेचे बिल नसेल, तर त्यांचा खरा हक्कही सिद्ध होत नाही. छपाईची बिले, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, जुने लेबल, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात, हे सगळे दर हंगामात एका फाइलमध्ये ठेवले पाहिजे. हंगामी मालाला हे आणखी लागू आहे, कारण नोंदवलेले चिन्ह सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरात नसल्याचे दाखवून ते काढून टाकण्याची मागणी त्यामुळे बाधित झालेली कुणीही व्यक्ती करू शकते.

दावा लागलाच तर तो कुठे लागेल हेही उत्पादकाच्या हातात नसते. कलम 134 नुसार नोंदणीकृत मालक जिथे व्यवसाय करतो तिथल्या न्यायालयात दाद मागू शकतो, त्यामुळे सांगलीच्या कारखानदाराला दिल्लीची वारी करावी लागू शकते. न्यायालय समोरच्याला न ऐकताही तात्पुरती मनाई देऊ शकते. बनावट माल विकणाऱ्यांची नावे माहीत नसतील तर ‘अशोक कुमार’ या कल्पित प्रतिवादीविरुद्ध आदेश होतो. मुंबई उच्च न्यायालय अशा दाव्यांत कोर्ट रिसीव्हर नेमते. रिसीव्हरचे प्रतिनिधी गोदामात येतात, खोके मोजून यादी करतात आणि माल सील करतात. पुढे महिन्याभराने आदेश उठला तरी धनत्रयोदशी होऊन गेलेली असते. वर्षाची निम्मी विक्री पंधरा दिवसांत होणाऱ्या धंद्यात अंतिम निकालापेक्षा या पहिल्या आदेशालाच जास्त किंमत असते. ऑनलाइन बाजारपेठांवर तर न्यायालयाचीही गरज पडत नाही. ट्रेडमार्क मालकाने तक्रार केली की मालाची नोंद तिथून उतरवली जाते.

नोटीस आली म्हणजे चूक झालीच असे नाही. नोटिशीतला नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासावा, नोंदणी कोणत्या वर्गात आहे आणि अजून चालू आहे का हे पाहावे. ‘दिवाळी’सारख्या मोकळ्या शब्दावरून कुणी धमकावत असेल तर कलम 142 खाली निराधार धमकीविरुद्ध दावा करता येतो, मात्र नोंदणीकृत मालकाने स्वतः वेळेत दावा दाखल केला तर हे शस्त्र चालत नाही. नोटिशीत तथ्य असेल तर हंगामात लढण्यापेक्षा तडजोड बरी. छापलेल्या खोक्यांवर नवे स्टिकर लावणे, ठरलेल्या तारखेपर्यंत शिल्लक माल विकू देणे, त्यानंतर उरलेली लेबले नष्ट करणे आणि ते चिन्ह पुन्हा न वापरण्याची लेखी हमी देणे, अशा अटींवर बरीच प्रकरणे मिटतात. तडजोडीवर सही करण्याआधी त्यातली हमी फक्त त्या लेबलापुरती आहे की उत्पादकाच्या इतर मालालाही बांधते, हे वकिलाकडून वाचून घ्यावे लागते.